.४५८ चा धक्का सोसत नाही म्हणताय, पण दुखणं खांद्यात नाहीये

तुमचा प्रश्न वाचून आधी मला हसूच आलं, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर, कारण वीसेक वर्षांपूर्वी पहिली मोठी रायफल हातात आली तेव्हा मीही नेमकं हेच करून बसलो होतो. तर आधी तुमचं म्हणणं नीट मांडून घेतो. तुम्ही .४५८ विनचेस्टर मॅग्नम घेतलीये, स्कोप धरून जेमतेम ४ किलोची, आणि सात महिन्यांनी आफ्रिकेत केप बफेलोच्या शिकारीला जायचंय. पहिल्याच दिवशी बेंचवर, म्हणजे रेंजवरच्या टेबलावर रायफल टेकवून, बसून ११ राउंड मारले, पहिले तीन एकमेकांजवळ बसले, पुढचे १०० मीटरवर वीतभर फाकले, तेही बहुतेक खाली. खांदा काळानिळा. आठवड्याने नेहमीची .३०-०६ उचलली तर तिच्यावरचा नेमही गेलेला. आणि आता विचारताय की रोज थोडं थोडं मारून धक्क्याची सवय होते का, की मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा धक्का कमी करणारा तुकडा, बसवू, की सरळ विकून जरा लहान .३७५ घेऊ.

तिन्हींवर बोलतो. पण तुम्ही जे सांगून गेलात त्यातच उत्तर पडलंय. पहिले तीन राउंड चांगले पडले, म्हणजे रायफल ठीक आहे, स्कोप ठीक आहे, नेम तुम्हाला येतो. चौथ्यापासून बिघडलं, आणि गोळ्या खाली गेल्या. त्यावर कडी म्हणजे .३०-०६ सुद्धा बिघडली, जिचा धक्का तुम्ही कित्येक वर्षं काही न वाटता सोसताय. खांदा दुखत असता तर फार तर दुखला असता, गोळ्या खाली का जातील? त्या जातात कारण चाप सुटायच्या आधी तुमची पापणी मिटतेय, खांदा पुढे झेपावतोय आणि नळीचं तोंड खाली जातंय. शूटर लोक याला फ्लिंच म्हणतात, आपण म्हणू आधीच दचकणं. आणि दचकायचं शरीराने ठरवलं ना, की मग ते रायफल बघून ठरवत नाही, कुठल्याही चापाला दचकतं.

आता आकडे बघा, म्हणजे शरीर असं का वागतं ते कळेल. ३.६ किलोच्या .३०-०६ मधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मारली की रायफल साधारण २० फूट-पाउंड एनर्जीने मागे येते. ४ किलोच्या रायफलीत .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), ३०० ग्रेनची गोळी, तिथे हाच आकडा ४० च्या आसपास. तुमच्या .४५८ मध्ये ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला २१०० फुटांनी जाते, रायफल तेवढ्याच वजनाची, तर आकडा ६५ च्या जवळ जातो. म्हणजे तिप्पट. बरं नुसती एनर्जी नाही, वेगही वाढतो, .३०-०६ सेकंदाला बारा-तेरा फुटांनी मागे येते आणि तुमची एकवीस-बावीसने, म्हणून एक ढकलल्यासारखी वाटते आणि दुसरी ठोसा मारल्यासारखी. असे ११ ठोसे तुम्ही एका बैठकीत खाल्ले, तेही बसून. शरीर शिकलं, फक्त भलतंच शिकलं.

गंमत अशी की या धक्क्याने नेम बिघडायला वेळच नसतो. पावडर पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे जेमतेम एक-दोन हजारांश जातात, तेवढ्यात रायफल जेमतेम पाव इंच मागे सरकलेली असते, आणि माणसाला कशालाही रिअ‍ॅक्ट व्हायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा तरी लागतो. तुम्हाला धक्का जाणवतो तेव्हा गोळी कधीच नळीबाहेर गेलेली असते. जे काय वाटोळं होतं ते आधीच्या अर्ध्या सेकंदात होतं. म्हणून "सवय होईल का" याचं माझं उत्तर असं की जास्त मारून धक्क्याची सवय होणार नाही, दचकण्याची होईल, आणि ती झालीये.

खात्री करायची असेल तर हे करा. एका मित्राला सोबत घ्या, तीन-चार खोटी काडतुसं म्हणजे स्नॅप कॅप आणा, तुम्ही पाठ फिरवायची आणि रायफल त्याने भरायची, कधी खरं काडतूस तर कधी खोटं, तुम्हाला कळता कामा नये. बाजूने मोबाइलवर शूटिंग करून ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला ठाम वाटत होतं की मी काही दचकत नाही. तिसऱ्या वेळी चाप दाबला, खट्ट एवढाच आवाज, आणि नळीचं टोक सरळ तीन-चार बोटं खाली गेलं, जणू मी रायफलीला नमस्कार घालतोय. व्हिडिओत तर डोळे गच्च मिटलेले, ओठ आवळलेले, डावा खांदा वर. मित्र काही बोलला नाही, नुसता व्हिडिओ परत परत लावत बसला. पण औषध पण हेच आहे बरं का, नुसती तपासणी नाही. खोट्या काडतुसावर नळी हलली नाही की मेंदूला हळूहळू पटायला लागतं की चाप दाबणं म्हणजे मार खाणं असं काही नसतं. हे .४५८ वर सुरू करू नका, छोट्या .२२ रायफलीवर करा, मग .३०-०६ वर.

म्हणून माझं पहिलं सांगणं, खांद्यावरचा डाग पूर्ण जाईपर्यंत आणि त्यावर अजून महिनाभर .४५८ ला हात लावू नका. म्हणजे फायर करू नका, हातात मात्र रोज घ्या. घरात काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने दोन्ही तपासून, स्नॅप कॅप घालून रोज वीस-पंचवीस वेळा ड्राय फायर करा, म्हणजे खरं काडतूस न घालता नुसता चाप दाबा, उभं राहून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, चाप हळू दाबायचा, खट्ट झालं तरी डोळा उघडा ठेवून क्रॉसहेअर नेमकं कुठे होतं ते मनात म्हणायचं, आणि रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट मारायचा, म्हणजे पुढचं काडतूस भरणारा दांडा मागे-पुढे करायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, त्याच्याकडे नंतर येतो. याच काळात रेंजवर .२२ मारा, भरपूर मारा, शंभर-दोनशे राउंड एका दिवसात मारलेत तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात हलके लोड, म्हणजे कमी ताकदीची काडतुसं. .४५८ चं हे एक सुख आहे की तिच्यात शिशाची ३५०-४०० ग्रेनची गोळी सेकंदाला १२००-१५०० फुटांनी मारता येते, म्हणजे जुन्या .४५-७० काडतुसासारखी, आणि धक्का नेहमीच्या रायफलीएवढा होतो. पण इथे एक पक्की सूचना. नेहमीच्या लोडमधली पावडर मनाने कमी करून हलका लोड बनवायचा नाही, हळू जळणारी पावडर केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, कमी भरली तर प्रेशर भलतंच चढू शकतं किंवा गोळी नळीतच अडकू शकते, आणि अडकलेल्या गोळीमागून दुसरी मारली की रायफल जाते, कदाचित चेहराही. पावडर बनवणाऱ्या कंपनीने रिड्यूस्ड लोड म्हणून छापलेला डेटा असतो तोच वापरा. स्वतः रीलोडिंग करत नसाल, म्हणजे काडतुसं स्वतः भरत नसाल, तर करणाऱ्याकडून शिका, नाहीतर हा टप्पा .३०-०६ वर जास्त वेळ काढून भागवा, चालतं.

पूर्ण ताकदीचे राउंड साधारण तिसऱ्या महिन्यापासून, आणि एका दिवसात तीन. खरंच तीन. आधी .२२ चे तीस-चाळीस, मग मोठीचे तीन, मग परत .२२ चे दहा-पंधरा, म्हणजे दिवसाचा शेवट शरीराच्या लक्षात शांत राहतो. पुढे पाचपर्यंत जा, फार तर आठ. माझी आजही एका दिवसाची मर्यादा दहा आहे आणि मला रेंजवर हिरो व्हायचं नसतं. दोन चांगले पडले आणि तिसरा बिघडला तर चौथा "दुरुस्तीसाठी" मारायचा मोह होतो, तो मारू नका, खोटं काडतूस घाला.

आणि ते बेंच सोडा. बेंचवर तुम्ही पुढे वाकून बसता, छाती टेबलाला, मागे जायला जागा नाही, सगळा धक्का खांद्याने एकट्याने पचवायचा. उभं असताना तोच धक्का कंबरेपासून सगळं अंग मागे झुलवतो आणि वाटून जातो. त्याच रायफलीचा तोच राउंड उभ्याने मारून बघा, तुम्हाला विश्वास बसणार नाही. झोपून तर मोठ्या बोअरची रायफल कधीच मारू नका, तिथे खांद्याऐवजी कॉलरबोन समोर येतं आणि डोळाही स्कोपच्या जवळ जातो. स्कोप झीरो करायला, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी पडेल असा जुळवायला, बेंच लागतोच, तेव्हा उंच रेस्ट घ्या, शक्य तेवढं ताठ बसा आणि दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची किंवा शिशाच्या छऱ्यांची छोटी पिशवी ठेवा. रायफल पकडून ठेवणारे जड स्लेड मिळतात त्याबद्दल लोक विचारतात, त्यात भरपूर वजन टाकून .४५८ मारली तर रायफलीला मागे जायला जागाच राहत नाही आणि मग मार दस्ता आणि स्कोप खातात. माझ्या समोर एका चांगल्या अक्रोडाच्या दस्त्याला, हात पकडतो त्या बारीक भागाजवळ, केसासारखी चीर गेलेली मी बघितलीये.

आता रायफल तुमच्या अंगाला बसते का हे मला इथून सांगता येणार नाही, ते तुमची मान, हात, छाती यावर आहे, पण काय बघायचं ते सांगतो. दस्त्याची लांबी कमी असेल तर अंगठा नाकावर येतो आणि स्कोप भुवईवर. दस्ता मागे फार खाली झुकलेला असेल तर नळी उसळते आणि गालाला चपराक बसते, सरळ दस्ता धक्का थेट मागे नेतो. बटपॅड, म्हणजे दस्त्याच्या टोकाचं रबर, जुना, कडक झालेला असेल तर तो बदला, चांगला मऊ आणि रुंद पॅड हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्तात पडणारा उपाय आहे. मग वजन. तुमची रायफल .४५८ साठी हलकी आहे, लोकांना डोंगर चढायला हलकी रायफल आवडते पण बफेलोची रायफल हलकी नसावी. दस्त्यात आणि फोरेंडमध्ये (नळीखालचा पुढचा लाकडी भाग) मिळून अर्धा-पाऊण किलो शिसं किंवा तयार रिकॉइल रिड्यूसर, म्हणजे धक्का कमी करणारं वजन, बसवला आणि एकूण वजन ४.६ किलोवर आणलं तर ६५ चा आकडा ५६ वर येतो. सगळं वजन मागेच टाकू नका, तोल जातो.

स्कोप. मॅग्निफिकेशन कमी, १ ते ४ किंवा १.५ ते ५, आणि आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतर, जास्तीत जास्त, चार इंचांच्या खाली मी तर घेणार नाही. माझ्या उजव्या भुवईत एक अर्धचंद्र आहे, चढाच्या दिशेने मारताना मान पुढे गेली आणि स्कोपने शिक्का मारला. रक्त भळाभळा, पण खरं नुकसान ते नव्हतं, पुढचे सहा महिने मी प्रत्येक शॉटला मान मागे ओढत होतो, ते होतं.

पकड आणि उभं राहणं यावर दोन शब्द. दस्ता खांद्याच्या खळग्यात, दंडावर नाही आणि हाडावरही नाही. डाव्या हाताने फोरेंड घट्ट धरून मागे ओढायचा, मोठ्या रायफलीत अर्धं काम या हाताचं आहे. नुसता दोन बोटांवर टेकवून मारणारे लोक मग म्हणतात रायफल उडाली. डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं, पण ताठ खांबासारखं अडून राहायचं नाही, धक्का आला की झुलायचं. गाल दस्त्यावर दाबून ठेवायचा, हलका टेकवला की आपटतो. मधलं बोट ट्रिगर गार्डपासून किंचित मागे, नाहीतर दर शॉटला त्याच्यावर टपली बसते आणि आपण खांद्याला दोष देत बसतो. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल किंवा पेसमेकर असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारा, तिथे माझं काही ऐकू नका.

मझल ब्रेकचं आता. ब्रेकने धक्का कमी होतो, चांगल्या ब्रेकने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, हे खरं आहे. पण फ्लिंचचं निम्मं कारण आवाज असतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात, आणि ब्रेक तो आवाज बाजूला आणि मागे फेकतो. मोठ्या रायफलीचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या वर जातो, आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० च्या पुढचा एक आवाज पुरतो. शिकारीत तुम्ही एकटे नसता. तुमच्या एका बाजूला प्रोफेशनल हंटर असतो, लोक त्याला पीएच म्हणतात, दुसऱ्या बाजूला ट्रॅकर, काठ्या धरून, त्याचा कान तुमच्या नळीच्या तोंडापासून हातभरावर. त्याने कानात काही घातलेलं नसतं कारण त्याला झुडपातली खसखस ऐकायची असते. त्याचे कान घालवून माझा खांदा वाचवणं मला जमत नाही. बरेच पीएच ब्रेक लावलेली रायफल बघितली की तोंड वाकडं करतात ते याचसाठी. काढता येणारा ब्रेक रेंजवर वापरायचा असेल तर वापरा, पण काढल्यावर गोळी दुसरीकडे पडू शकते, म्हणून ब्रेक काढून परत झीरो करा आणि शेवटचे दोन महिने ब्रेकशिवायच मारा. रेंजवर कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही, प्रत्येक वेळी. नुसतं एवढं केलं तरी निम्म्या लोकांचं दचकणं कमी झालेलं मी बघितलंय. शिकारीत इलेक्ट्रॉनिक प्लग घ्या, बारीक आवाज ऐकू येतात आणि धमाका अडतो.

आता .३७५. हे तुमच्यावर आहे, खरंच. .३७५ एच अँड एच १९१२ ची, तुमची .४५८ विनचेस्टर १९५६ ची, आणि या शंभरेक वर्षांत .३७५ ने बफेलो मारता येतो का हा वाद राहिलेला नाही, येतो. अनेक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी कायद्याने किमान कॅलिबर तिच्या आसपासचंच आहे, तुम्ही जाताय त्या देशाचा नियम आउटफिटरकडून, म्हणजे शिकारीची व्यवस्था करणाऱ्याकडून, लेखी घ्या. मधली हवी असेल तर .४१६ रिग्बी, १९११ ची, ४०० ग्रेनची गोळी, पण तिचा धक्का तुमच्या .४५८ पेक्षा फार वेगळा नाही, तेव्हा धक्क्यासाठी .४५८ विकून .४१६ घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डब्ल्यू. डी. एम. बेल या जुन्या हत्तीच्या शिकाऱ्याने तर ७×५७ रायफलीच्या छोट्या गोळ्यांनी शेकडो हत्ती पाडले, तसं करायला जाऊ नका, तो रोज तेच करत होता आणि हत्तीचा मेंदू कुठे असतो हे त्याने कवट्या कापून शिकून घेतलं होतं. मी इतकंच म्हणेन की चुकीच्या जागी लागलेली ५०० ग्रेनची गोळी योग्य जागी लागलेल्या ३०० ग्रेनच्या गोळीपुढे काही कामाची नाही. चार महिने वरचं सगळं करा. मग स्नॅप कॅपचा खेळ परत खेळा, यावेळी .४५८ वर. दहापैकी आठ-नऊ वेळा नळी जागेवर राहिली तर रायफल ठेवा. नाही राहिली तर .३७५ घ्या आणि उरलेले तीन महिने तिच्यावर घालवा, यात कमीपणा कसला. मी स्वतः .४५८ अजून बाळगतो पण गेल्या तीन शिकारींना .३७५ नेली, कोणी विचारलं तर सांगतो वय झालं.

शिकारीच्या तयारीत रेंजवरचे बारीक ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींना चिकटून पाडणं, विसरा. बफेलो बहुतेक वेळा ३० ते ८० मीटरवर मारला जातो, उभ्याने, शूटिंग स्टिक्सवरून, म्हणजे तीन काठ्यांचं तिकाटणं. तसं एक घरी करा आणि त्याच्यावरूनच सराव करा. नळी थेट काठीवर टेकवायची नाही, उसळते, डाव्या हाताने काठ्यांचा जोड आणि फोरेंड एकत्र आवळून धरायचा. ५० मीटरवर उभ्याने, काठ्या लावल्यापासून चार-पाच सेकंदांत हाताच्या पंजाएवढ्या गोलात पहिली गोळी बसली पाहिजे आणि पुढच्या तीन सेकंदांत दुसरी. .४५८ शंभरला झीरो केली तर दोनशेवर गोळी साधारण फूटभर खाली पडते, म्हणजे लांबचं मारायचा विचार सोडाच. आणि तासन्तास चालून, घामाघूम होऊन, दम लागलेला असताना काठ्या लागतात, कळपातला नेमका तो बुल (नर) दुसऱ्या दोघांच्या मागे उभा असतो आणि रायफल लावून पाच-पाच दहा-दहा मिनिटं थांबावं लागतं. हात थरथरायला लागतात. म्हणून सरावात एकदा तरी जिना चार वेळा चढून-उतरून लगेच ड्राय फायर करून बघा, स्वतःची खरी लायकी कळते.

मी पहिल्या बफेलोला काय केलं ते सांगतो, म्हणजे बोल्टचं का म्हणालो ते कळेल. पंचेचाळीस मीटर, बुल आडवा, पीएच कानाशी म्हणाला मारा, मी मारला. शॉट बरा होता. धक्का? आठवतच नाही, आवाजही आठवत नाही, आणि हे तुम्हालाही असंच होईल, जनावरासमोर रिकॉइल कोणालाच लागत नाही. पण मी काय केलं, तर रायफल खाली घेतली आणि काय झालं ते बघत उभा राहिलो. हरणांच्या शिकारीची सवय. पीएच ओरडतोय "परत मार, परत मार", माझा बोल्ट अजून बंद, आणि बुल तोपर्यंत झुडपात. शुद्धीवर आल्यासारखा बोल्ट मारला तर घाईत पूर्ण मागे ओढलाच नाही, रिकामी केस बाहेर गेली पण नवीन राउंड वर आलाच नाही, रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद केला. मग अर्धा तास थांबून माग काढत जाणं, गुडघ्याएवढ्या गवतात थेंब शोधणं, प्रत्येक झुडपाकडे बघताना तोंड कोरडं पडणं. तीन तासांनी सापडला, तोही मागे वळून आमच्या मागाकडे तोंड करून उभा, आणि त्याला पीएचने आणि मी मिळून अजून तीन राउंड मारले. सात-आठशे किलोचं जनावर असतं ते. म्हणून घरी रोज ड्राय फायर करताना बोल्ट खांद्यावरच मारायचा, पूर्ण मागे, दणकून, पूर्ण पुढे. तो उभा आहे तोवर मारत राहायचं, एका गोळीत पाडल्याचं कौतुक तिथे कोणी करत नाही.

नेम कुठे, तर आडवा उभा असेल तेव्हा पुढच्या पायाच्या मध्यरेषेने वर जा आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिस्स्यावर थांबा. बफेलोचं हृदय खाली आणि पुढे असतं, हरणासारखं खांद्याच्या मागे मारलं की गोळी फार मागे बसते. तिरका असेल तर जवळच्या कातडीवरचा बिंदू शोधू नका, पलीकडच्या खांद्यात गोळी कुठे निघायला हवी ते मनात धरा. पहिली गोळी चांगली, आत जाऊन फुलणारी, स्विफ्ट ए-फ्रेमसारखी बॉन्डेड सॉफ्ट किंवा बार्न्स टीएसएक्ससारखी पूर्ण तांब्याची, कारण सॉलिड, म्हणजे न फुलणारी गोळी, आरपार जाऊन मागच्या बफेलोला जखमी करू शकते आणि मग एकाच्या जागी दोन जखमी जनावरं. मॅगझिनमध्ये मागे सॉलिड ठेवायच्या की नाही ते तुमच्या पीएचला विचारा, प्रत्येकाचं मत वेगळं असतं आणि तिथे त्याचंच ऐकायचं. दोन्ही प्रकारच्या गोळ्या तुमच्या रायफलीत एकाच जागी पडतात का हे निघायच्या आधी कागदावर बघून घ्या, आणि मॅगझिनमधून सगळे राउंड अडखळल्याशिवाय वर येतात का तेही.

तर या आठवड्यात .४५८ ची काडतुसं कुलपात, .२२ बाहेर. तुम्हाला दस्त्याची लांबी किती हवी ते मोजून ठेवा, म्हणजे कोपर काटकोनात वाकवून आतल्या बाजूपासून चापाच्या बोटापर्यंत किती येतं ते, आणि बटपॅड नखाने दाबून बघा, नख रुतत नसेल तर तो गेलाय. आणि मित्राला सांगा खोटी काडतुसं कुठली ते तुम्हाला दिसू देऊ नकोस, त्या व्हिडिओत पापणीकडे बघा, नळीकडे नंतर.